चुना हवेतला कार्बन ओढतो, मग अडलंय कुठे?

मागच्या अंकात धातूंच्या ऑक्साइडवर कार्बन डायऑक्साइड कसा पकडतात यावर अर्धं पान लिहिलं होतं. त्यात चुन्याचं उदाहरण दिलं आणि मग पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप जे सुरू झालं ते महिनाभर थांबलंच नाही. बहुतेकांचा सूर एकच, इतकं सोपं आहे तर मग करत का नाहीत? प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच विषयाला दिलीये, निवडक प्रश्न घेतलेत, नावं न देता फक्त गाव दिलंय. कार्बन डायऑक्साइड हा शब्द दर ओळीत लिहायचा कंटाळा येतो म्हणून पुढे सगळीकडे सीओटू म्हणतोय, कॉलेजात पोरं म्हणतात तसंच.

प्रश्न : आमच्या सासऱ्यांच्या चुनाळ्यातला चुना दोन दिवस उघडा राहिला की वर कडक पापुद्रा धरतो. तुमचा लेख वाचल्यावर कळलं की तो पापुद्रा म्हणजे हवेतला सीओटूच. मग सगळ्यांनी घराला ऑइलपेंटऐवजी चुना लावला तर हवा साफ होईल का? (गृहिणी, पंढरपूर)

ताई, पापुद्र्याचं तुम्ही बरोबर ओळखलंत. भिजवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तो हवेतला सीओटू घेतो आणि त्याची परत चुनखडी होते, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भिंतीला दिलेला चुना पहिल्या दिवशी हाताला लागतो आणि आठ-पंधरा दिवसांनी घट्ट बसतो तेही याच कारणाने, तो नुसता वाळत नाही, तो हळूहळू दगड होत असतो. जुन्या वाड्यांमध्ये, किल्ल्यांमध्ये घाण्यात मळलेला चुना वापरलाय, तो इतकी वर्षं टिकला त्यामागेही हेच आहे.

पण आता हिशोब बघा, कारण सगळी गोम तिथेच आहे. हा चुना आला कुठून? भट्टीतून. चुनखडी सुमारे 900 अंशांवर भाजली की 100 किलोतून 56 किलो कळीचा चुना (म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, पाण्यात भिजवायच्या आधीचा) मिळतो आणि उरलेले 44 किलो सीओटू होऊन भट्टीच्या तोंडातून हवेत जातात. मुंबईतल्या चुनाभट्टीचं नाव अशाच भट्ट्यांवरून पडलंय. म्हणजे तुम्ही भिंतीला चुना लावता तेव्हा तो चुना भट्टीत जेवढा सीओटू सोडून आला तेवढाच परत घेतो, फार तर तेवढाच, आणि भट्टीत जो कोळसा किंवा लाकूड जळालं त्याचा धूर वेगळा, तो कोणीच परत घेत नाही. खात्यावर शून्य नाही, वजाच.

आणि आकडा किती लहान आहे तेही सांगतो. 10 किलो कळीचा चुना पूर्णपणे दगड झाला तर जेमतेम 7.8 किलो सीओटू घेतो. एक लिटर पेट्रोल जळलं की 2.3 किलो सीओटू निघतो. म्हणजे तो सगळा चुना स्कूटरमधल्या साडेतीन लिटर पेट्रोलला पुरला. चुना जरूर लावा, भिंती श्वास घेतात, खोली थंड राहते, मला स्वतःला फार आवडतो. पण हवा साफ करायला म्हणून नको.

मात्र याच हिशोबातून एक वाट निघते. भट्टीतून निघणारा सीओटू बाहेर जाऊच दिला नाही, तिथेच कोंडून बाजूला काढला, आणि उरलेला चुना परत हवेपुढे किंवा चिमणीपुढे धरला तर? मग प्रत्येक फेरीत खरोखर काहीतरी जमा होतं. आज जगभर चुन्यावर जे काम चाललंय ते सगळं या एका "तर"वर उभं आहे.

प्रश्न : सर मी अकरावी सायन्सला आहे. सीओटू गॅस आहे, ऑक्साइड म्हणजे पावडर. गॅस पावडरला चिकटतो म्हणजे नक्की काय होतं? आणि सगळे "सरफेस सरफेस" का म्हणतात, आतल्या भागाचं काय? (लातूर)

प्रश्न एकदम बरोबर जागी विचारलास, पुढे हा भाग शिकशील तेव्हा तुला सोपा जाईल.

मॅग्नेशियम ऑक्साइड घे, कारण त्याची रचना मिठासारखी सरळ चौकोनी असते. स्फटिकाच्या आत प्रत्येक मॅग्नेशियमला सहा ऑक्सिजन शेजारी असतात आणि प्रत्येक ऑक्सिजनला सहा मॅग्नेशियम, सगळे समाधानी, कोणाला कोणाची गरज नाही. आता स्फटिक संपतो तिथे ये. पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनला पाचच शेजारी, कारण वरच्या बाजूला कोणीच नाही. स्फटिकाच्या कडेवर असेल तर चार. आणि अगदी कोपऱ्यावर असेल तर तीनच. जितके शेजारी कमी तितका तो ऑक्सिजन स्वतःचे इलेक्ट्रॉन कोणाला तरी द्यायला तयार बसलेला. यालाच बेसिक साइट म्हणतात.

तिकडे सीओटूचा रेणू म्हणजे सरळ काठी, दोन टोकांना ऑक्सिजन, मध्ये कार्बन. दोन्ही ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात म्हणून मधला कार्बन थोडा पॉझिटिव्ह राहतो. असा रेणू त्या कोपऱ्यावरच्या ऑक्सिजनजवळ आला की ऑक्सिजन आपले इलेक्ट्रॉन कार्बनला देतो, काठी मधून वाकते, आणि कार्बनभोवती दोनचे तीन ऑक्सिजन होतात. म्हणजे पृष्ठभागावरच कार्बोनेट तयार. गॅस पावडरला "चिकटला" म्हणजे एवढं झालं. तो गोंदासारखा चिकटत नाही, त्याचं रूपच बदलतं.

आता यातली गंमत अशी की सपाट, गुळगुळीत पृष्ठभागावर ही पकड फार सैल असते. खरी पकड पायऱ्यांवर, कडांवर, कोपऱ्यांवर, जिथे एखादा अणू गळालाय अशा खड्ड्यांवर. म्हणून लॅबमध्ये परफेक्ट स्फटिक बनवण्यापेक्षा मुद्दाम बारीक, खडबडीत, भोकाभोकांची पावडर बनवायची धडपड असते. चांगल्या बनवलेल्या एक ग्रॅम पावडरीचा पृष्ठभाग 200 चौरस मीटर भरतो. कबड्डीचं मैदान 13 बाय 10, म्हणजे 130 चौरस मीटर. चिमूटभर पावडरीत दीड कबड्डीचं मैदान बसलंय असं समज, आणि ते सगळं मैदान खड्ड्याखुड्ड्यांचं हवं.

हवेत पाण्याची वाफ असतेच, ती या पृष्ठभागावर बसून ओएच गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) तयार करते आणि मग सीओटू कार्बोनेटऐवजी बायकार्बोनेट म्हणून बसतो. कधी पाण्याने मदत होते, कधी पाणी जागा अडवतं. मी लॅबमध्ये होतो तेव्हाची गोष्ट, जुलै महिना, धो धो पाऊस, मॅग्नेशियम ऑक्साइडचा नमुना रात्रभर झाकण न लावता राहिला आणि सकाळी वजन वाढलेलं. सीओटू भरपूर घेतला म्हणून आनंद झाला, नंतर हळूहळू गरम करून बघितलं तर बहुतेक पाणीच निघालं. तेव्हापासून वजन वाढलं म्हटलं की मी आधी विचारतो, कशाने?

हे सगळं दिसतं कसं म्हणशील, तर पृष्ठभागावर इन्फ्रारेड किरण टाकतात. कार्बोनेट, बायकार्बोनेट, नुसता टेकलेला सीओटू, प्रत्येकाची थरथर वेगळी असते, त्यावरून कोण कसा बसलाय ते ओळखू येतं. दुसरी पद्धत म्हणजे नमुना सावकाश तापवत न्यायचा आणि कुठल्या तापमानाला किती सीओटू सुटतो ते मोजायचं. सैल बसलेला शंभरेक अंशांच्या आसपास निघून जातो, घट्ट बसलेल्याला कितीतरी शे अंश लागतात.

आणि सगळे ऑक्साइड सारखे नसतात. सिलिका म्हणजे सिलिकॉनचा ऑक्साइड, आपली वाळू, ती सीओटूकडे बघतही नाही, अ‍ॅल्युमिना मधला, मॅग्नेशियम त्याच्या वर, कॅल्शियम अजून वर, बेरियम इतका घट्ट पकडतो की परत सोडवताना घाम निघतो. तुझ्या पिरिऑडिक टेबलात दुसऱ्या गटात खाली खाली जा, पकड वाढत जाईल.

प्रश्न : मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. आकडेमोड केली तर एक ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइडने 1.09 ग्रॅम सीओटू घ्यायला हवा आणि कॅल्शियम ऑक्साइडने फक्त 0.79 ग्रॅम. शिवाय मॅग्नेशियम कार्बोनेट तीनशे-चारशे अंशांवरच फुटतं म्हणे. मग सगळे चुन्याच्याच मागे का? (कराड)

बाई, आकडेमोड अचूक आहे. कागदावर मॅग्नेशियम ऑक्साइडच जिंकतो. अडचण अशी की कोरड्या स्थितीत तो कागदावरच्या आकड्याच्या काही टक्क्यांवरच थांबतो. पृष्ठभागावर पहिला कार्बोनेटचा थर झटकन बसतो आणि तोच थर पुढच्या सीओटूला आत जाऊ देत नाही, भांड्याला करपलेला थर बसल्यावर खालपर्यंत पाणी पोचत नाही तसं. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत मॅग्नेशियम ऑक्साइडचे जुने स्फटिक होते, काही तर अनेक दशकं हवेत पडलेले, ते तपासले तर हेच दिसलं, सुरुवात भराभर आणि मग थराने वाट अडवली.

यावर एक युक्ती निघालीये आणि ती मला फार आवडते. सोडियम, पोटॅशियम, लिथियमचे नायट्रेट क्षार या पावडरीवर थोडेसे चढवायचे. तीनशे अंशांच्या आसपास ते क्षार वितळतात आणि दाण्याभोवती पातळ ओला थर राहतो, त्यातून कार्बोनेटचे अंकुर वेगळे फुटतात आणि दाणा लिंपला जात नाही. पकड कितीतरी पटींनी वाढते. पण दहा-वीस फेऱ्यांनंतर क्षार एकीकडे गोळा होतात, दाणे जाड होतात आणि पकड परत घसरते. काम अजून चालूच आहे.

चुन्याच्या मागे सगळे का, तर तो स्वस्त आहे, डोंगरच्या डोंगर आहेत, आणि 600-650 अंशांवर तो काही मिनिटांत बहुतेक सगळा आतपर्यंत दगड होतो. वर्गात सांगायला एक गोष्ट देतो. 1750 च्या दशकात स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅक नावाच्या डॉक्टरने मॅग्नेशियमच्या कार्बोनेटवर आणि चुनखडीवर असेच प्रयोग केले, तापवल्यावर वजन घटतं आणि जी हवा निघते ती चुन्याने परत घेता येते हे तराजूने दाखवलं. त्या हवेला त्याने "फिक्स्ड एअर" म्हटलं, घन पदार्थात बांधलेली हवा. सीओटूची ओळखच मुळी धातूच्या ऑक्साइडमुळे झाली.

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंट लाइनला आहे, भाऊ वीज केंद्रात. दोघांच्या चिमण्या रोज बघतो. तुमचा हा चुन्याचा प्रकार चिमणीला बसवता येतो का, की नुसता लॅबपुरता? (राजुरा)

दादा, लॅबच्या बाहेर आलाय, पण मोठ्या केंद्राएवढा अजून झाला नाही. याला कॅल्शियम लूपिंग म्हणतात. दोन उभी भांडी समजा, दोन्हीत गरम पावडर वायूच्या झोतावर उकळल्यासारखी नाचत असते. पहिल्या भांड्यात सुमारे 650 अंशांवर चिमणीचा धूर चुन्यातून जातो, चुना सीओटू घेऊन चुनखडी होतो, उरलेला धूर बाहेर. ती चुनखडी दुसऱ्या भांड्यात जाते, तिथे 900 च्या वर तापवून सीओटू सोडवतात आणि चुना परत पहिल्याकडे. अशा फेऱ्या चालूच. दुसऱ्या भांड्यात साध्या हवेने कोळसा जाळला तर सगळा नायट्रोजन मिसळतो आणि केलेलं वाया जातं, म्हणून तिथे नुसत्या ऑक्सिजनवर जाळावं लागतं, आणि तो ऑक्सिजन हवेतून वेगळा करायला वीज लागते.

स्पेनमध्ये अस्तुरियास भागात ला पेरेदा इथे 1.7 मेगावॅट औष्णिक क्षमतेचा असा प्लांट चालवून बघितला, खऱ्या कोळशाच्या धुरावर, आणि 90 टक्क्यांच्या आसपास सीओटू पकडला गेला. जर्मनीत डार्मस्टाटला 1 मेगावॅटचा. तैवानमध्ये तर होपिंगच्या सिमेंट कारखान्याला जोडूनच 1.9 मेगावॅटचा केला. तुमच्या चंद्रपूरचं केंद्र 2920 मेगावॅटचं, तेही विजेचे मेगावॅट, उष्णतेचे धरले तर त्याच्या अडीच-तीन पट. म्हणजे पल्ला केवढा आहे ते लक्षात येईल.

अडचण कुठे येते, तर चुना थकतो. नवा चुना भोकाभोकांचा असतो. 900 अंशांवर पुन्हा पुन्हा भाजला की बारीक दाणे एकमेकांत मिसळून जाड होतात आणि भोकं बुजतात. पावसाळ्यात मिठाचे खडे होतात, कारण वेगळं आहे पण दिसायला तसंच. पहिल्या फेरीत जो चुना जवळजवळ सगळा कामाला येतो तो वीस-तीस फेऱ्यांनंतर पाचवा हिस्सा वगैरे येतो, आणि शेकडो फेऱ्यांनंतर सात-आठ टक्क्यांवर जाऊन स्थिरावतो. त्यात धुरातला गंधक चुन्याला कायमचा धरून बसतो आणि त्याचं जिप्समसारखं सल्फेट होतं. आपल्या कोळशात गंधक कमी असतो हे आपलं नशीब, पण राख 30 ते 40 टक्के, आणि ती राख चुन्यात मिसळत राहते. म्हणून थकलेला चुना सतत काढून नवी चुनखडी टाकत राहावी लागते.

आणि इथेच तुमची सिमेंट लाइन कामाला येते, म्हणून हे लांबवून सांगतोय. सिमेंटच्या कारखान्यातून जो सीओटू निघतो त्यातला साधारण 60 टक्के इंधनाचा नसतोच, तो चुनखडीतूनच निघतो. उद्या भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो 60 टक्के निघणारच, म्हणून सिमेंटला पकडण्याशिवाय फारसा पर्याय नाही. आता वीज केंद्राचा थकलेला चुना त्यांच्या दृष्टीने टाकाऊ, पण सिमेंटच्या क्लिंकरला (भट्टीतून निघणारे खडे, जे दळून सिमेंट होतं) तोच कच्चा माल, आणि त्यातला सीओटू आधीच काढून घेतलेला! राख मिसळली असली तरी क्लिंकरला सिलिका-अ‍ॅल्युमिना लागतंच. जिथे एका जिल्ह्यात चुनखडीच्या खाणी, सिमेंट आणि कोळशाची वीज शेजारी शेजारी आहेत अशी ठिकाणं देशात मोजकीच, तुमचं त्यातलं एक. मला मनापासून वाटतं की असा पहिला मोठा प्रयोग व्हायचा तर तो तुमच्याकडे व्हावा.

उष्णतेचा हिशोबही इथे बरा बसतो. एक टन सीओटू चुनखडीतून सोडवायला कमीत कमी 4 गिगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे विजेच्या भाषेत सुमारे 1100 युनिट. पण तोच चुना 650 अंशांवर परत सीओटू घेतो तेव्हा तेवढी उष्णता परत देतो, आणि 650 अंशांवरची उष्णता म्हणजे चांगली वाफ करून टर्बाइन फिरवता येते. वाया जात नाही. हा मुद्दा पुढच्या प्रश्नासाठी लक्षात ठेवा.

प्रश्न : अमेरिकेत म्हणे चुन्याच्या थाळ्या लावून थेट हवेतून सीओटू काढतात. आपल्याकडे का नाही? की हे सगळं झाडं लावायचं टाळायला शोधलेलं आहे? (निवृत्त, सांगली)

काका, थाळ्यांची बातमी खरी आहे. कॅलिफोर्नियात ट्रेसी नावाच्या गावी हेअरलूम कंपनीने नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू केलं. भिजवलेला चुना मोठ्या थाळ्यांत पसरून एकावर एक रचतात, वारा लागतो, एरवी चुन्याला हवेतून दगड व्हायला महिने-वर्षं लागतात ते तीन दिवसांवर आणलंय असं त्यांचं म्हणणं. मग त्या थाळ्या विजेच्या भट्टीत, सीओटू वेगळा काढून साठवायचा, चुना परत थाळीत. क्षमता वर्षाला जास्तीत जास्त 1000 टन. जग वर्षाला कोळसा, तेल, गॅस जाळून साधारण 3,700 कोटी टन सोडतं. आकडे शेजारी ठेवले की बोलायला फार उरत नाही, पण सुरुवात लहानच असते हेही मी मानतो.

आता आपल्याकडे का नाही ते बघू. हवेत सीओटू दहा लाखात 420 च्या थोडा वर आहे. 1958 साली हवाई बेटावर मौना लोआला मोजायला सुरुवात झाली तेव्हा 315 होता. पृथ्वी तापवायला हे पुष्कळ झालं, पण पकडायला फारच विरळ. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीतल्या सगळ्या हवेत मिळून सीओटू किती, तर 21 ग्रॅम. एक टन गोळा करायचा तर किमान 13 लाख घनमीटर हवा चुन्यापुढून न्यावी लागते. तोच टन कोळशाच्या चिमणीतून घ्यायचा तर चार-साडेचार हजार घनमीटर धूर पुरतो, कारण तिथे सीओटू 12 ते 15 टक्के असतो. तीनशे पट फरक आहे हा.

आणि मघाची उष्णता. थाळीतला चुना साध्या तापमानाला सीओटू घेतो, तेव्हा निघणारी उष्णता वाऱ्यावर जाते, तिचा काही उपयोग नाही. म्हणजे एका टनामागे ते 1100 युनिट पूर्णपणे खर्चात, प्रत्यक्षात भट्टीचा तोटा धरला तर अजून जास्त. आपल्या ग्रिडची एक युनिट वीज बनवताना सरासरी 0.7 किलोच्या आसपास सीओटू निघतो. गुणाकार करा, एक टन पकडायला पाऊण टनाच्या वर सोडावा लागेल! म्हणून आज आपल्या ग्रिडच्या विजेवर हे करणं म्हणजे एका हाताने भरायचं आणि दुसऱ्याने सांडायचं. पूर्ण सौर किंवा वाऱ्याच्या विजेवर केलं तर ठीक, पण ती वीज आधी कोळशाच्या विजेच्या जागी वापरली तर जास्त सीओटू वाचतो. माझं मत स्पष्ट आहे, आपल्याकडे आधी जाळणं कमी, मग चिमण्या, आणि हवा सगळ्यात शेवटी.

झाडं टाळायला हे शोधलं असं मात्र मी म्हणणार नाही. झाडं लावाच, पण झाड म्हातारं होतं, जळतं, तोडलं जातं, आणि कार्बन परत हवेत. दगड झालेला सीओटू भट्टीत घातल्याशिवाय सहसा परत येत नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत.

प्रश्न : मी ओटी टेक्निशियन आहे. आमच्या भूलयंत्रात सोडालाइमचे पांढरे खडे असतात, वापरून वापरून जांभळे होतात. ते याच प्रकारातलं ना? गरम करून परत वापरता येतील का? (नगर)

याच घराण्यातलं. सोडालाइम म्हणजे बहुतांश कॅल्शियम हायड्रॉक्साइड, थोडं सोडियम हायड्रॉक्साइड, थोडा ओलावा आणि रंग बदलणारा पदार्थ. रुग्णाच्या उच्छ्वासातला सीओटू ते घेतात. परत वापरायचं अजिबात मनात आणू नका. गरम केल्याने ओलावा जातो आणि कोरड्या सोडालाइमची भुलीच्या काही औषधांशी घातक प्रक्रिया होते. अजून एक, जांभळे खडे रात्रभर पडून राहिले की सकाळी पुन्हा पांढरे दिसू शकतात, पण आतून ते संपलेलेच असतात. नुसत्या रंगावर जाऊ नका, भूलतज्ज्ञ डॉक्टर आणि मॉनिटरवरचा सीओटूचा आकडा सांगेल तेच खरं.

परत वापरायचा धातूचा ऑक्साइड बघायचा असेल तर तो वर आहे, अंतराळ स्थानकात. स्पेसवॉकच्या सूटमध्ये मेटॉक्स नावाचा डबा बसवतात, त्यात चांदीचा ऑक्साइड असतो. अंतराळवीर श्वास सोडतो, चांदीच्या ऑक्साइडचं कार्बोनेट होतं. काम झालं की डबा स्थानकातल्या ओव्हनमध्ये साधारण 200 अंशांवर दहाएक तास ठेवतात, सीओटू निघून जातो, डबा पुन्हा तयार. चांदी एवढ्यासाठी की तिची पकड चुन्यापेक्षा सैल, थोड्या उष्णतेत सुटते. चांदीच्या भावात चंद्रपूरची चिमणी परवडणार नाही हे उघड आहे, पण एका माणसाच्या श्वासाला परवडते.

प्रश्न : पकडलेला सीओटू ठेवणार कुठे? आमच्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात मुरवता येतो असं ऐकलं. (ट्रेकर, नाशिक)

येऊ शकतो, आणि हा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह सिलिकेटच्या रूपात भरपूर. आइसलंडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पात सीओटू पाण्यात, सोड्यासारखा, विरघळवून 2012 मध्ये बेसॉल्टमध्ये सोडला. आंबट पाण्याने दगडातला कॅल्शियम वगैरे बाहेर काढला आणि त्याच्याशीच सीओटूचं कार्बोनेट झालं. 2016 ला निकाल छापून आला, दोन वर्षांच्या आत 95 टक्क्यांहून जास्त सीओटूचा दगड झाला होता. त्याआधी सगळ्यांचा अंदाज शेकडो-हजारो वर्षांचा होता.

दख्खनचा बेसॉल्ट सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय, वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. तुम्ही ट्रेकला जाता तेव्हा कातळातल्या पोकळ्यांत पांढरे, पारदर्शक स्फटिक बघितले असतील, त्यात झिओलाइट असतात आणि पुष्कळदा कॅल्साइटही असतो. कॅल्साइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. म्हणजे हा दगड हे काम आपलं आपण करत आलाय. मात्र आइसलंडच्या पद्धतीला एक टन सीओटूमागे वीस-पंचवीस टन पाणी लागतं, आणि ज्या भागात उन्हाळ्यात टँकर फिरतो तिथे ते कुठून आणणार? शिवाय आपला दगड त्यांच्यापेक्षा जुना, बऱ्याच पोकळ्या आधीच भरलेल्या. समुद्राचं पाणी वापरून बघताहेत, ते जमलं तर कोकण किनाऱ्याला विचार करता येईल. आयआयटी मुंबईत 2022 पासून कार्बन पकडणे आणि वापरणे यासाठी राष्ट्रीय केंद्र आहे, असंच एक बंगळुरूला जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये आहे. या विषयात पुढे शिकायचं असलेल्यांनी तिकडे लक्ष ठेवावं.

प्रश्न : मी सातवीत आहे. हे सगळं घरी करून बघता येईल का? (रत्नागिरी)

येईल की! पण आई-बाबा शेजारी हवेत, आणि डोळ्यांवर चष्मा हवा, चुना डोळ्यात गेला तर फार वाईट. पानाच्या दुकानातला भिजवलेला चुना अर्धा चमचा बाटलीभर पाण्यात टाक, हलव आणि रात्रभर ठेव. कळीचा चुना घेऊ नकोस, तो पाण्यात टाकला की उकळतो. सकाळी वरचं निवळ पाणी कपात हळूच ओतून घे. त्यात स्ट्रॉने हळूहळू फुंक, ओढायचं मात्र मुळीच नाही. पाणी दुधाळ होईल, हा तुझ्या श्वासातला सीओटू दगड झाला. आता थांबू नकोस, दम खात खात फुंकतच राहा, बराच वेळ. दुधाळ पाणी परत निवळायला लागेल, कारण जास्तीच्या सीओटूने तो दगड विरघळतो. आता हे निवळलेलं पाणी आईला छोट्या पातेल्यात उकळायला सांग आणि लांबून बघ. ते पुन्हा दुधाळ होईल आणि विरघळलेला सीओटू बुडबुड्यांबरोबर निघून जाईल. गॅस किती मिनिटं चालू ठेवावा लागला ते घड्याळात बघून लिहून ठेव आणि मला कळव.